शेकाचा हिशेब

फोंड्याहून एका आईचा फोन आला. प्रत्यक्ष ओळख नाही, माझ्या मावसबहिणीनं नंबर दिला होता. मुलगी एकोणीस वर्षांची, हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, किमो संपत आलीय आणि आता डॉक्टरांनी छातीला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचं ठरवलंय. त्या माउलीनं एका दमात विचारलं, "ताई, शेकानंच पुढे दुसरा कॅन्सर होतो असं वाचलं. तुम्ही घेतला होता ना? मग पोरीला द्यायचा की नको?"

मी म्हटलं, "द्या. डॉक्टर आवश्यक म्हणत असतील तर नक्की द्या. आणि शेवटच्या दिवशी तिथून निघताना किती दिला, कुठे दिला, याचा कागद हातात घेतल्याशिवाय घरी येऊ नका."

फोनवर एवढंच बोलणं झालं, त्या वॉर्डात होत्या. पण त्यांच्या प्रश्नाचं पुरं उत्तर देणं मला भाग आहे. मी डॉक्टर नाही. गोव्यातल्या साखळी गावच्या एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. हाच आजार मला १९९९ मध्ये झाला, मीही तेव्हा त्या मुलीच्याच वयाची होते, आणि छातीवर शेक घेऊन मी आज पंचेचाळिशीत आहे. जे वाचलं, विचारलं आणि अंगावर काढलं ते लिहिते.

बारावी झाली त्या उन्हाळ्यात मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी बारीक ताप यायचा, रात्री उशी घामानं भिजायची. आधी टीबीची औषधं सुरू झाली. आपल्याकडे मानेला गाठ आणि संध्याकाळचा ताप म्हटलं की पहिल्यांदा टीबीच आठवतो, त्यात गैर काही नाही. गाठ वाढतच गेली तेव्हा ती अख्खी काढून तपासली आणि रिपोर्टात 'रीड-स्टर्नबर्ग पेशी' असे शब्द आले, हॉजकिन्सची खूण तीच. बाबांनी ते शब्द वहीत उतरवून घेतले. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण कागद जपायची त्यांची सवय पक्की होती.

मुंबईला जायचं ठरलं. कोकण रेल्वे आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली होती, म्हणून निदान घाटातली बस टळली. थिवीहून संध्याकाळची कोकणकन्या, पहाटे दादर. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. आई तिथल्या स्टोव्हवर पेज करायची आणि सोबत गावाहून आणलेल्या लोणच्यातल्या करमलाची, त्या आंबट फळाची, एक फोड द्यायची. पुढे शेक सुरू झाल्यावर घसा असा सोलला की ती फोडही नकोशी झाली आणि पेज गाळून प्यावी लागली.

आधी किमो. एबीव्हीडी म्हणतात त्या चार औषधांना: ॲड्रियामायसिन, ब्लिओमायसिन, विनब्लास्टिन, डॅकार्बाझिन. ही नावं इथे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे ती लागतात. पहिलं औषध हृदयावर आणि दुसरं फुफ्फुसांवर खूण ठेवून जाऊ शकतं.

मग शेक. माझ्या वेळी जो दिला त्याला 'मॅन्टल' म्हणत: मान, दोन्ही काखा आणि छातीचा मधला भाग, सगळं एकाच वेळी. पहिल्या दिवशी एका खोलीत निजवून छातीवर जांभळ्या शाईनं रेघा ओढल्या. "या पुसायच्या नाहीत, अंघोळ मानेच्या वर आणि कमरेच्या खाली," असं सांगितलं. मशीन कोबाल्टचं. त्याच्या तोंडापुढे एक पारदर्शक ट्रे, त्यावर माझ्या फुफ्फुसांच्या आकाराचे शिशाचे ठोकळे बसवलेले. त्यांची सावली माझ्या छातीवर पडायची आणि तंत्रज्ञ वाकून बघायचे, सावली जांभळ्या रेघेवर बरोबर बसली की नाही. एक केसभर सरकली तरी मला खांद्याला धरून हलवायचे. "श्वास साधा घे बाळ, हलू नकोस," म्हणून बाहेर जायचे आणि जाड दार लागायचं. काही दिसत नाही, काही भाजत नाही. थोडा वेळ आवाज, मग दार उघडतं. मग पालथं निजायचं आणि पाठीवर तेवढंच.

त्या सावलीच्या बाहेर काय होतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नसतं. ठोकळ्यांनी फुफ्फुसं झाकली होती, पण स्तनांचा आतला आणि वरचा भाग, थायरॉइड, हृदयाचा काही भाग, सगळे शेकाच्या वाटेतच होते.

आता मूळ प्रश्न. शेकानं कॅन्सर होतो का?

होऊ शकतो. ही गोष्ट डॉक्टरांनी लपवलेली वगैरे नाही, शंभर वर्षांहून जुनी आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, आणि पुढच्या सात-आठ वर्षांतच त्या मशिनांवर काम करणाऱ्यांच्या हातांवर त्वचेचे कॅन्सर दिसू लागले होते. हिरोशिमा-नागासाकीत जे वाचले त्यांची तपासणी पुढे कित्येक दशकं चालू राहिली, त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. रक्ताचा कॅन्सर काही वर्षांतच वाढला, पण स्तन, थायरॉइड, फुफ्फुस अशा अवयवांचे कॅन्सर दहा, वीस, तीस वर्षांनी वर येत राहिले. आणि स्फोटाच्या वेळी जे लहान होते त्यांना धोका जास्त राहिला.

कारण असं की किरण पेशीच्या आत डीएनएचे धागे तोडतात. कॅन्सरच्या पेशीला ते तुटलेलं सांधता येत नाही, ती मरते, उपचार तोच. आजूबाजूची निरोगी पेशी बहुतेक वेळा तुटलेलं नीट जुळवून घेते. पण क्वचित एखादी पेशी, खतावणीचं फाटलेलं पान भलत्याच खात्यात चिकटवावं तशी, चुकीचं जुळवते आणि तशीच जगत राहते. पेशी तरुण असेल, अजून वाढत असेल, तर ती चूक पुढच्या पेशींत उतरत जाते. म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलीच्या स्तनाला मिळालेला शेक आणि साठ वर्षांच्या बाईला मिळालेला शेक यांचा परिणाम सारखा नसतो.

आणि हे आजार 'उलटणं' नव्हे. उलटतो तो जुनाच कॅन्सर. हा नवा, वेगळ्या पेशींचा, शेक मिळालेल्या जागी किंवा तिच्या कडेला उगवलेला. दोन्हींची धास्ती एकत्र केली की माणूस घाबरून तरी जातो किंवा 'पाच वर्षं झाली, सुटलो' म्हणून तपासणीच सोडतो. पाच वर्षांनी जुन्या आजाराचा धोका खूप उतरलेला असतो हे खरंच आहे. नव्याचा धोका मात्र साधारण तेव्हा सुरू व्हायचा असतो.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय भीतीला माप नसतं. अमेरिकेत प्रौढ रुग्णांच्या मोठ्या नोंदवहीवरून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेक घेतलेल्यांना पुढे जे दुसरे कॅन्सर झाले, त्यांतले सुमारे ८ टक्केच शेकामुळे असावेत असा त्याचा अंदाज होता. दर हजार रुग्णांमागे १५ वर्षांत पाच जास्तीचे कॅन्सर. बाकीचे वय, तंबाखू, आनुवंशिकता अशा कारणांचे. साठीत स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा शेक घेणाऱ्या माणसानं हा आकडा डोळ्यापुढे ठेवावा आणि शांतपणे शेक घ्यावा.

पण माझ्यासारख्यांचा आकडा हा नव्हे, आणि कुणी तोच दाखवून आम्हांला गप्प करू नये. बालपणी किंवा किशोरवयात छातीला शेक मिळालेल्या अमेरिकन स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला. पन्नाशीपर्यंत त्यांतल्या सुमारे ३० टक्के जणींना स्तनाचा कॅन्सर झालेला होता. बीआरसीए-१ हा जनुकातला दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रियांच्या आकड्याइतकाच जवळजवळ. हे वाचलं त्या रात्री मी झोपले नाही, हे खरं. नंतर नीट वाचल्यावर कळलं की त्या स्त्रियांवर १९७० ते १९८६ या काळात उपचार झाले होते, तेव्हा मात्रा जास्त असायची आणि क्षेत्रही मोठं. स्तनाला जितकी मात्रा जास्त तितका धोका जास्त, हेही अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय.

तरीही स्टॅनफर्डचे डॉ. हेन्री कॅप्लन आणि त्यांच्या पिढीबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. हा रोग ज्याला झाला तो गेलाच असं धरायचे, त्या काळात त्यांनी मोठ्या क्षेत्राच्या, मोठ्या मात्रेच्या शेकानं माणसं वाचवून दाखवली. ती माणसं पुढे तीस-तीस वर्षं जगली म्हणूनच दुसऱ्या कॅन्सरचा प्रश्न पुढे आला. आणि त्या प्रश्नामुळेच आज फोंड्याच्या मुलीला मॅन्टल मिळणार नाही. आता पेट-स्कॅनमध्ये रोग किती उरलाय ते बघून शेक द्यायचा की नाही हे ठरवतात. काहींना तो लागतच नाही. लागला तर जिथे गाठी होत्या तेवढ्याच जागेला, बहुतेकदा २० ते ३० ग्रे (ग्रे हे शेकाची मात्रा मोजायचं माप). काही ठिकाणी खोल श्वास धरायला लावून शेक देतात, त्यानं हृदय किरणांच्या वाटेतून थोडं बाजूला राहतं. तिच्या आईनं मोबाईलवर वाचलेला धोका बराचसा माझ्या पिढीचा आणि माझ्या आधीच्या पिढीचा आहे. सुरुवातीच्या टप्प्यात पकडलेला हा रोग आज दहातल्या आठ-नऊ जणांचा पुरता बरा होतो. वीस वर्षांनंतरच्या भीतीपायी समोरचा रोग अर्धवट सोडणं मला पटत नाही, आणि हे मी स्वतः ती भीती घेऊन जगणारी बाई म्हणून सांगतेय.

मला हे सगळं कळलं ते २०१४ मध्ये, सावंतवाडीच्या ताईमुळे. धर्मशाळेत आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या, आजार तोच, शेकही तोच, ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. चतुर्थीला एकमेकींना फोन करायचो. त्या वर्षी तिचा फोन आधीच आला. स्तनात गाठ, तपासली, कॅन्सर. लहान होती, वेळेत सापडली होती. ती आजही आहे, आंब्याच्या दिवसांत पेटी पाठवते.

पण तिच्या उपचारात जे अडलं ते मला विसरता येत नाही. एरवी एवढ्या लहान गाठीला गाठच काढतात आणि मग शेक देतात, स्तन राहतो. तिच्या छातीला आधीच शेक झालेला, म्हणून डॉक्टरांनी पूर्ण स्तन काढायचा सल्ला दिला. पुढे किमोचा प्रश्न आला. त्यात पुन्हा ॲड्रियामायसिनच्या जातीचं औषध. या औषधाची जन्मभरात किती मात्रा द्यायची याला मर्यादा आहे, ती ओलांडली की हृदय कमकुवत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आधी एकूण किती मिळालं होतं?" तिच्याकडे कागद नव्हता. घर बांधताना जुनी फाइल पावसात गेली होती. इस्पितळात विचारलं तर इतक्या जुन्या फाइली ठेवलेल्या नव्हत्या. शेवटी डॉक्टरांनी ते औषधच टाळून दुसरं दिलं. तिचं निभावलं, पण हाताशी असलेलं एक औषध एका कागदावाचून बाजूला ठेवावं लागलं.

तिनं हे सांगितलं त्या दिवशी फोन ठेवला आणि मी घरी जाऊन बाबांची पत्र्याची ट्रंक उघडली. बाबा तोवर गेले होते. वीजबिलं, जमिनीचे उतारे, माझी गुणपत्रकं, आणि खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं शेकाचं कार्ड. जाड, पिवळं पडलेलं, कडेला जांभळ्या शाईचा डाग. वर रुग्ण क्रमांक, 'मॅन्टल', आणि खाली रकाने: तारीख, आजची मात्रा, एकूण मात्रा, सही. १८०, ३६०, ५४०, ७२०. रोज १८० नं वाढत जाणारी बेरीज आणि शेवटच्या ओळीत ३६००. सेंटिग्रेमध्ये, म्हणजे ३६ ग्रे. मधल्या एका तारखेपुढे सही नाही, तिथे 'मशीन बंद' असं लिहिलेलं. मी रोज असे रकाने लिहिते. आमच्या पतसंस्थेत बेरीज चुकली तर संध्याकाळी ताळेबंद जुळत नाही, कुणाचा जीव जात नाही. त्या कार्डावर कुणीतरी रोज माझ्या आयुष्याचा हिशेब चोख लिहिला होता आणि बाबांनी तो जपला होता. ट्रंकेपुढे बसून मी खूप रडले.

कायद्याचं मला नंतर समजलं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या असतात. तीन वर्षं! आणि शेकानं होणारे घट्ट गाठींचे कॅन्सर बहुधा आठ-दहा वर्षांनंतर दिसायला लागतात. म्हणजे ज्या वेळी कागदाची गरज पडते त्याच्या कितीतरी आधीच तो ठेवायची सक्ती संपलेली असते. काही मोठी इस्पितळं आपण होऊन जास्त काळ ठेवतात, त्यांचे आभार मानावेत. पण त्यावर विसंबून राहू नये. त्याच नियमांत एक चांगली गोष्टही आहे: रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात. म्हणून मागायची वेळ आजची.

कार्ड घेऊन मी इथल्याच एका डॉक्टरांकडे गेले. मी तेव्हा तेहेतीस वर्षांची. मॅमोग्रामचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं, विचारलं तर म्हणाले, "मॅमोग्राम चाळिशीनंतर. उगाच काळजी करू नका." वाईट मनानं म्हणाले नाहीत. सर्वसाधारण बाईसाठी चाळीसच बरोबर आहे. पण आम्ही सर्वसाधारण नाही. छातीला शेक मिळालेल्या मुलींसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वेगळ्या आहेत: वयाच्या पंचविशीपासून किंवा शेकानंतर आठ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून, दर वर्षी मॅमोग्राम आणि स्तनांचा एमआरआय. माझ्या हिशेबानं हे २००८ पासून व्हायला हवं होतं. मी त्या सूचनेचा छापील कागद आणि कार्ड घेऊन दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी कार्ड उजेडात धरून शेवटचा आकडा वाचला, आणि कसलाही प्रश्न न विचारता एमआरआयची चिठ्ठी लिहिली. त्या कार्डानं मला रांगेतून बाहेर काढून योग्य दारात उभं केलं. नुसतं 'लहानपणी शेक घेतला होता' म्हटल्यानं ते झालं नसतं.

२०२१ मध्ये गोवा सरकारनं 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' सुरू केलं, गावोगावी स्तनतपासणी होऊ लागली. माझ्या गल्लीतल्या बायका गेल्या, फार चांगलं झालं. पण छातीला शेक मिळालेल्या कुणी त्यावर समाधान मानू नये. आपली तपासणी वेगळी, आणि ती आपणच मागून घ्यावी लागते.

दोन्ही तपासण्या कशाला, असं मला विचारतात. तरुण वयात स्तन घट्ट असतो, मॅमोग्राममध्ये सगळं पांढरं दिसतं, तिथे एमआरआयला जास्त दिसतं. पण चुन्याचे अगदी बारीक कण, जे काही वेळा सुरुवातीची खूण असतात, ते मॅमोग्रामलाच नीट दिसतात. आणि "मॅमोग्रामपण किरणच की!" ही भीती असेल तर बेरीज करून बघा. एका मॅमोग्राममध्ये स्तनाला साधारण चार मिलिग्रे मिळतात. माझ्या छातीला ३६ ग्रे मिळाले होते, म्हणजे ३६,००० मिलिग्रे. एमआरआयमध्ये तर हे किरण नसतातच. त्यात पालथं निजावं लागतं, हाताला सुई लावून रंगद्रव्य देतात, मशीन ठोठावल्यासारखं वाजत राहतं. पाळी चालू असणाऱ्यांनी तारीख पाळीनंतरच्या आठवड्यात घ्यावी, चित्र स्वच्छ येतं. अपॉइंटमेंट देणाऱ्या माणसाला हे बहुधा सुचत नाही, आपण सांगायचं. माझी तारीख दसरा-दिवाळीच्या मध्ये पडते आणि ती नवऱ्याच्या फोनमध्येही आहे. मी टाळलं तर तो बांबोळीच्या इस्पितळात न्यायला गाडी काढून दारात हॉर्न वाजवतो.

स्तनाबरोबरच बाकीचंही. मानेला शेक झालेल्यांचा थायरॉइड हळूहळू मंदावतो, माझा २००६ मध्येच मंदावला, तेव्हापासून सकाळी उपाशीपोटी गोळी. दर वर्षी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी, आणि डॉक्टरांनी हातानं मान चाचपणं. गेल्या पावसाळ्यात असंच चाचपताना मॅडमचा अंगठा उजव्या बाजूला थांबला. पुन्हा फिरवला. "गिळा," म्हणाल्या. मी गिळलं. "अजून एकदा." त्यांचं बोट जिथे थांबलं होतं तिथे मी घरी येऊन आरशापुढे रोज बोट ठेवत राहिले. सोनोग्राफीत छोटी गाठ निघाली, मग बारीक सुई. निजवून खांद्याखाली उशी देतात, मान मागे, बोलायचं नाही, गिळायचं नाही. सुई डासापेक्षा थोडी जास्त टोचते, पण न गिळता थांबणं फार कठीण. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी ऑफिसात एकाही रकान्याची बेरीज एका झटक्यात केली नाही. गाठ साधी निघाली. तिच्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच.

पुरुषांनाही हे सगळं लागू आहे, स्तनाचा भाग सोडून. छातीला शेक झालेल्यानं विडी, सिगारेट ओढली तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो. शेक मिळालेल्या जागेच्या कातडीवर नवा, न भरणारा फोड आला तर दाखवावा. हृदयाकडेही लक्ष हवं, कमी वयातला छातीचा दाब 'ॲसिडिटी' म्हणून सोडू नये.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं, तिथे हीच दूरची काळजी घेतली जाते. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बऱ्या झालेल्या मुलामुलींचा गट आहे. असं काही गोव्यात, इथल्या इथे, ठरावीक वारी व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. साखळी, सत्तरी, काणकोणहून मुंबईला गेलेली आणि बरी होऊन परतलेली किती मुलं आज पंचविशी-तिशीत असतील! त्यांच्यातल्या किती जणींना माहीत असेल की त्यांची तपासणी चाळिशीच्या कितीतरी आधी सुरू व्हायची आहे?

फोंड्याच्या आईला मी काल अर्जाचा मजकूर पाठवला. ज्यांना हवा त्यांनी इथून उतरवून घ्यावा. वर रुग्ण क्रमांक आणि उपचारांच्या तारखा. मग मागायचं ते असं: मूळ निदानाचा बायोप्सी रिपोर्ट, किमोच्या प्रत्येक औषधाचं नाव आणि त्याची एकूण मात्रा, ॲड्रियामायसिन आणि ब्लिओमायसिनची तर नक्कीच, शेक शरीराच्या कोणत्या भागाला दिला, रोज किती ग्रे, एकूण किती ग्रे, कोणत्या मशीनवर, आणि शेकाच्या नियोजनाच्या कागदावर स्तन, हृदय, फुफ्फुस, थायरॉइड यांना प्रत्येकी किती मात्रा गेली तो तक्ता. हा तक्ता आता संगणकावर तयारच असतो, फक्त छापायचा असतो. शेवटी 'नियमाप्रमाणे ७२ तासांत मिळावे' अशी विनंती, सही आणि फोन नंबर. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर पोच घ्यायची. कागद मिळाले की त्यांचे फोटो काढून मुलीच्या, आईच्या आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्ये ठेवायचे, आणि मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरातल्या कोरड्या जागी. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहायचं: स्तनांची तपासणी कोणत्या वर्षापासून सुरू. तिचं वय एकोणीस, शेक या वर्षी. आठ मिळवून ते वर्ष तिच्या आईनं नंतरच्या फोनवर माझ्याशी बोलता बोलताच काढलं.